पाय शेतातच धुवायचे

मला चिखलाचा राग नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसापासून माझ्या नावावर तेच खपवलं जातंय की, मॅडमना मुलांनी मातीत खेळलेलं आवडत नाही. आमचे मुख्याध्यापक गुरुजी तर केंद्रशाळेतल्या बैठकीतही हसत हसत तसं सांगून आले. मातीत खेळलेलं आवडत नाही म्हणे! माझा जन्म जामसरजवळच्या पाड्यावरचा. उभी राहायला शिकण्याआधी मी चिखलात बसायला शिकले असेन. आता पोशेऱ्याच्या बाजूला एका पाड्यावरच्या दोन शिक्षकी शाळेत नऊ वर्षं शिकवते आहे, आणि पावसाळ्यात आमच्या शाळेत एकही पोर कोरडं, स्वच्छ असं बसलेलं तुम्हाला दिसणार नाही. त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

मला राग आहे तो पसारा करून निघून जाणाऱ्यांचा.

आमच्या लहानपणी चिखलणी झाली, बैल सोडले, की आवणी सुरू होईपर्यंत ते खाचर आम्हा पोरांचं असायचं. आवणी म्हणजे भाताची लावणी. वाफ्यातलं रोप, म्हणजे आवण, उपटून त्या मऊ चिखलात लावायचं. त्याआधीचा एखादा दिवस आम्ही खाचरात पोटावर घसरायचो, खेकड्यांच्या बिळांत काड्या घालायचो, चिखलाचे लाडू वळून एकमेकांच्या पाठीवर मारायचो. डोळे तेवढे दिसायचे. आई बांधावरून बघायची, काही म्हणायची नाही. मात्र खेळ संपला की तिचे नियम सुरू व्हायचे, आणि त्यांत सूट नव्हती. पायांचे पडलेले खड्डे हाताने सारखे करायचे, कारण खड्ड्यात रोप बुडून कुजतं. चढता-उतरताना बांधाची माती ढासळली असेल तर ती परत थापायची. बांधातलं पाणी सोडायचं तोंड नीट बुजलेलं आहे का, ते शेवटच्या पोराने बघायचं. आणि पाय शेतातच धुवायचे. ओहोळावर नाही.

एकदा मी ओहोळावर गेले. तिथलं पाणी स्वच्छ असतं, गार असतं, आणि पाय चकचकीत होतात. आईने माझे चकचकीत पाय बघितले आणि विचारलं, "आपली माती कुठं ठेवून आलीस?"

मला कळलंच नाही. मग तिने हातात पाटी दिली. "जा. घेऊन ये."

ओहोळातून गाळ, वाळू, बारीक दगड असं काय काय खरवडून मी तीन पाट्या आणल्या. आपलीच माती परत मिळणार नाही हे तिलाही ठाऊक होतं. पण तीन पाट्या झाल्याशिवाय तिने मला घरात घेतलं नाही. तेव्हा मी रडले होते. आज वर्गात मी हाच नियम सांगते, तेव्हा माझा आवाज अगदी तिच्यासारखा निघतो.

मोखाड्याला एकदा आम्हा शिक्षकांचं स्वच्छतेवर प्रशिक्षण झालं. पडद्यावर साबणाचा फेस, हात धुण्याचं गाणं, आणि ते गाणं सगळ्यांनी उभं राहून हावभावासह म्हणायचं. महिना एप्रिल. आमच्या पाड्याच्या विहिरीत तेव्हा वाटी बुडेल एवढंही पाणी नव्हतं. तरी मी हावभाव केले. जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच सभागृहात खुर्च्यांखाली पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, चुरगळलेले कागद, केळ्यांची सालं पडलेली होती, आणि ती उचलायला झाडू घेऊन कोण आलं? तिथल्या मावशी. मग दुपारचं सत्र सुरू झालं. विषय होता, मुलांमध्ये सवयी कशा रुजवाव्यात.

आमच्या शाळेत हे असलं नव्हतं. पोरं चिखलात खेळून आली की पायरीखालच्या डबक्यात पाय खळबळून, उरलेला चिखल गवतावर पुसून मगच व्हरांड्यात चढायची. मातीची खेळणी केली की माती परत वारुळाशेजारच्या खड्ड्यात. काड्या चुलीपाशी. पहिलीतलं पोरसुद्धा न सांगता करायचं. आणखी एक नियम मी घातला होता, आणि त्याचा तर मला फारच अभिमान होता. पाहुणे आले की सगळ्यात आधी व्हरांडा. कोणी साहेब तपासणीला येणार, कोणी वह्या वाटायला येणार, त्यांच्या बुटांचा चिखल व्हरांड्यावर उमटला की माझी पोरं लगेच बादली-फडकं घेऊन हजर. चहाचे कप विसळणं, सतरंजी झटकणं, सगळं मुकाट्याने. "मॅडम, मुलं किती छान तयार केलीत," असं पाहुणे म्हणायचे. मी आपली फुशारून बसायची.

तर गेल्या जुलैतली गोष्ट. गुरुजींनी सांगितलं की शहरातल्या एका शाळेची चाळीस मुलं आपल्याकडे येणार आहेत, भातलावणीचा अनुभव घ्यायला. सोबत त्यांचे एक शिबिरवाले सर असतील. एक दिवस येतील, लावणी करतील, जातील. आणि त्या सरांनी शाळेला पोषण आहाराची शेड बांधून द्यायचं कबूल केलं आहे. शेड हवीच होती. आमच्याकडे खिचडी शिजवणारी मावशी निळ्या प्लॅस्टिकखाली चूल पेटवते. वारा आला की एका हाताने प्लॅस्टिक धरते आणि दुसऱ्या हाताने डाव फिरवते. त्यामुळे मीही हो म्हटलं. शेत कोणाचं घ्यायचं? तर मावशीचंच. शाळेला लागून तिचं एक खाचर आहे. बाकी तिची सगळी जमीन उतारावरची, नागली-वरईची. भात पिकतं ते एवढ्या एका खाचरात.

मावशीशी बोलले गुरुजी. काय बोलले, ते मला त्या दिवशी सकाळी कळलं.

मी शाळेत पोहोचले तर खाचरात आवणाच्या मुठी मांडून ठेवलेल्या. हिरव्यागार, नीट बांधलेल्या, ओळीने. एक-दोन नाहीत, सगळ्या. मी वळून तिच्या वाफ्याकडे बघितलं, तो मोकळा होता. म्हातारीने आदल्या दिवशी नातीला घेऊन वाफा पूर्ण उपटला होता. प्लॅस्टिकखाली खिचडीचं पातेलं नव्हतंच अजून. त्या जागी नागलीच्या भाकऱ्यांची चळत होती, आणि उडदाच्या डाळीचा वास येत होता.

"मावशे, हे काय?"

"काय म्हंजे? आवणीला माणसां यायचीत ना," ती म्हणाली. "चालीस माणूस. दुपारपावतर लावून व्हईल. जेवाया नको का त्यांना?"

आमच्याकडे आवणीला माणसं येतात ती सावडीने. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. येणाऱ्याला जेवू घालायचं, आणि त्याच्या आवणीच्या दिवशी न बोलावता हजर व्हायचं. गुरुजींनी तिला सांगितलं होतं, चाळीस मुलं तुझ्या शेतात भात लावायला येणार आहेत. तिने ते जसंच्या तसं धरलं. धरणारच. भात लावायला येणारी माणसं भात लावतात, याहून वेगळं काही असू शकतं हे तिला कोणी आणि कशाला सांगावं?

"ती बारकी पोरं आहेत गं, शहरातली," मी म्हटलं.

"बारकी असलीत म्हनून काय झालां? हाताला बोटां हायत ना."

मी तेव्हाच काही करायला हवं होतं. अर्ध्या मुठी तरी उचलून डबक्यात नेऊन ठेवायला हव्या होत्या. पण माझ्या मनात आलं, होईल काहीतरी. थोडी लावतील, उरलेलं आपण लावू. उपटलेलं रोप दोन दिवसांत चिखलात गेलं नाही तर ते पिवळं पडतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी हजेरी घ्यायला वर्गात गेले.

साडेदहाच्या सुमारास ती आली. बस मोखाड्याच्या रस्त्यावरच्या फाट्याला थांबली आणि तिथून रंगीबेरंगी रेनकोटांची रांग चालत आली. मुलं गोड होती, खोटं का बोलू. चौथी-पाचवीतली. सर गळ्यात शिट्टी अडकवून पुढे. त्यांनी आमच्या पोरांना व्हरांड्यात ओळीने बसायला लावलं, टाळ्या वाजवायला लावल्या, आणि मग आपल्या मुलांना बांधावर उभं करून म्हणाले, "आज कोणी ओरडणार नाही! आज कपडे खराब झाले तरी चालतील! आज आपण मातीशी दोस्ती करायची! रेडी?" आणि शिट्टी फुंकली.

सुरुवातीची काही मिनिटं रोपं लावली गेली. तीही कशी, तर मूठच्या मूठ एका जागी खोचून. मावशी बांधावरून सांगत होती, "तीन-तीन काडी, बाला, तीन-तीन काडी." कोणाला ऐकू जाणार? मग एक मुलगा घसरून पडला, सगळे हसले, त्याने उठून चिखलाचा गोळा दुसऱ्याला मारला. इथपर्यंत मीही हसले. आम्हीही हेच करायचो. पण त्यानंतर त्यांना गोळ्यापेक्षा आवणाची मूठ फेकायला सोपी वाटली. ती हवेत छान फिरते आणि लागली की फट् असा आवाज येतो. चाळीस पोरं मुठी फेकायला लागली. बांधाचा उतार बघून कोणीतरी त्याची घसरगुंडी केली. एकामागून एक, बसून, पोटावर, जोडीने. मोबाइल घेऊन सर काठाकाठाने फिरत होते. "मस्त! मुक्त खेळ! पुन्हा एकदा, इकडे बघून!"

मावशी हातात भाकरीची टोपली घेऊन उभी होती. पाहुण्यांना काय बोलायचं?

मी सरांजवळ गेले. म्हटलं, "ते खेळणं नाही, ते तिचं वर्षाचं भात आहे."

"मॅडम, रिलॅक्स," ते म्हणाले. "मुलं आहेत. शहरात यांना हे कुठे मिळतं? शेवटी मजा महत्त्वाची."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तेवढ्यात शिट्टी वाजली. "चला, फ्रेश व्हायला!" आणि ती चाळीस पोरं, पायाला, कपड्याला, केसांना मावशीचं अर्धं खाचर चिकटवून, धावत शाळेच्या हातपंपावर गेली. तिथे निम्मी माती धुतली गेली आणि नाल्याला लागली. तशीच ओली सगळी व्हरांड्यावर चढली. भिंतीवर आमच्या पोरांनी गेरू आणि तांदळाच्या पिठाने चितारलेलं नाचाचं चित्र होतं, त्यावर दहा-बारा चिखलाचे पंजे उमटले. मोजे काढून टाकले गेले. कागदी ताटल्या आल्या, सँडविचं आली, खोकी, रॅपर, स्ट्रॉ. पंधरा मिनिटांत आमची शाळा ओळखू येईना. मावशीच्या भाकऱ्यांकडे एक-दोन मुलं वळली, तर सर लगेच म्हणाले, "बाहेरचं खायचं नाही, सांगितलंय ना?"

बाहेरचं. तिच्या चुलीवरचं, तिच्या हातचं, तिच्याच खाचराच्या बांधावर, आणि ते बाहेरचं!

मग सर हात पुसत गुरुजींना म्हणाले, "आम्हाला निघायला हवं. बाकी तुम्ही आवरून घ्याल ना? तुमची मुलं खूप हेल्पफुल आहेत." उरलेल्या बिस्किटांचे पुडे त्यांनी टेबलावर ठेवले, आमच्या पोरांसाठी.

आणि बघते तर माझी पोरं आधीच कामाला लागलेली. कोणी सांगितलं नव्हतं. दोघं बादली घेऊन आले होते, तिघं फडकी पिळत होते, आणि मावशीची नात, तिसरीतली, वाकून त्या मुलांचे चिखलाने भरलेले मोजे गोळा करत होती. एकेक मोजा पंपाखाली धरून, पिळून, व्हरांड्याच्या कठड्यावर ओळीने वाळत घालत होती. जोड्या लावून.

"ठेव ते खाली," मी ओरडले. "कोणी कशाला हात लावायचा नाही. फडकी ठेवा. भिंतीशी उभे राहा."

माझी पोरं घाबरून भिंतीशी गेली. मग मी पाहुण्या पोरांकडे वळले. "तुम्ही खेळलात ना? आता तुम्ही आवरायचं. आधी शेत, मग व्हरांडा. चला."

"मॅडम, बस उभी आहे," सर म्हणाले.

"असू दे उभी. आमच्याकडे बस दिवसाला एकदा येते, तिची वाट बघायची आम्हाला सवय आहे. तुम्हीही बघा."

"लहान मुलं आहेत हो."

"म्हणूनच त्यांना सांगतेय. मोठ्यांना सांगून काय होतं ते दिसतंच आहे."

गुरुजी मध्ये पडले. माझा दंड धरला नाही एवढंच. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, शेडचं कबूल केलंय त्यांनी. जाऊ द्या ना, आपली पोरं दहा मिनिटांत करतात." मी म्हटलं, "गुरुजी, शेड जिच्यासाठी बांधायची तिच्याकडे एकदा बघा तरी." त्यांनी बघितलं नाही.

मग एक गोष्ट झाली, ती न सांगणं अन्यायाचं होईल. चष्मा लावलेली एक मुलगी पुढे आली आणि मला म्हणाली, "मॅम, पण कसं आवरायचं? शेत कसं आवरतात?" तिच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं. शेत हे आवरायचं असतं, हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी मावशीच्या नातीला बोलावलं. "दाखव तिला."

तिसरीतली ती पोर पुढे आणि पाचवीतली ही मागे, अशा दोघी खाचरात उतरल्या. मागून हळूहळू दहा-बारा जणं गेली. नातीने दाखवलं, चिखलात दबलेली रोपं बोटांनी कशी चाचपडून काढायची, पाण्यात हलवून मुळं मोकळी कशी करायची, मोडलेली वेगळी, धड वेगळी. पायांचे खड्डे कसे सारखे करायचे. पोरं करायला लागली. आरडाओरडा नाही, मोबाइल नाही, वाकून, जीव लावून. एकाने एक अखंड मूठ सापडल्यावर अशी काही उचलून दाखवली, जणू मासाच पकडलाय. त्या पोरांना आवरायला लाज वाटत नव्हती. लाज वाटत होती ती त्यांच्या मोठ्यांना.

मावशीला वाटलं, आता आवणी खरी सुरू झाली. ती टोपली घेऊन अलीकडच्या बांधावरून फिरली आणि प्रत्येकाच्या हातावर चतकोर भाकरी आणि डाळ ठेवत गेली. चष्म्याच्या मुलीने सरांकडे एकदा बघितलं आणि भाकरी तोंडात घातली. मला ती पोर फार आवडली.

नातीने त्यांना शेवटी खाचरातच उभं करून पाय धुवायला लावले. "भायेर नाय. इथंच." तेवढ्यात सरांची शिट्टी वाजायला लागली, ती थांबेचना. पोरं गेली. वीस मिनिटं काम झालं होतं. मोजे कठड्यावरून काढून नेले. ताटल्या तशाच राहिल्या. व्हरांडाही तसाच.

मग मी पलीकडच्या, खालच्या बांधाकडे गेले आणि खरी गोष्ट तिथे दिसली. जिथे घसरगुंडी केली होती, तिथे बांध खचून चांगली हातभर खांड पडली होती. तेव्हापासून त्यातून पाणी चाललं होतं, आणि पाण्याबरोबर चिखलणी केलेली सगळी मऊ माती. खालच्या ओहोळाचं पाणी लाल झालं होतं. खाचराच्या वरच्या अंगाला नुसता खडक वर आला होता. रोपांचं म्हणाल तर निम्मी धड निघाली. निम्म्या खाचराला ती पुरणार होती, आणि चिखलही तेवढ्यालाच उरला होता. मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मी म्हटलं, "मावशे, माझं चुकलं. सकाळीच सांगायला हवं होतं."

ती म्हणाली, "पोरां हायत. खेलतीलच." मग अगदी साधेपणाने तिने विचारलं, "बाय, त्यांची आवणी कवा? आपल्याला जावां लागंल."

कुठे जायचं होतं तिने, कोणत्या शेतात? मी म्हटलं, "विचारून सांगते." अजून सांगितलेलं नाही.

खांड आम्ही सगळ्यांनी मिळून ढेकळं-दगड घालून बुजवली. राहिलेली रोपं लावली. व्हरांडा गुरुजींनी आणि मी धुतला. हो, गुरुजींनी. मी बादली त्यांच्यासमोर आपटली होती. शाळा सुटायच्या आधी पोरांना समोर बसवलं आणि माझं सुरू झालं. दुसऱ्याने केलेला पसारा आपण का आवरायचा? ज्याने केला त्याने. तो साहेब असो, पाहुणा असो, शहरातला असो. तुम्ही काय कोणाचे नोकर आहात? असं बरंच. आवाज चढलेला. मावशीने मध्येच चहा आणून दिला, तो घोट घोट घेत मी बोलत होते. पोरं माना डोलवत होती. बोलता बोलता ती खांड माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. मी मावशीच्या नातीला विचारलं, "बांध खचला तेव्हा तू कुठे होतीस? तुला दिसला नाही?"

"दिसला ना," ती म्हणाली. "तवा ढेकूल घातला असता तं बुजला असता."

"मग घातला का नाहीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू पाढा मीच चुकले. "बाय, पाव्हणे चिखलाचे वर आले ना. तुमीच सांगलां, पाव्हणे आले का पयला व्हरांडा."

मी राहिलेला चहा संपवला. तशी ती उठली, माझ्यासमोर आली आणि हात पुढे केला. रोज करते तसाच. नऊ वर्षांत या शाळेत माझा कप मी कधी विसळलेला नाही, ते मला त्या हाताकडे बघताना कळलं.

मी कप दिला नाही. उठले आणि हातपंपावर गेले. एका हाताने दांडा मारत दुसऱ्या हाताने विसळायला लागले. ती माझ्या मागे मागे आली होती. दांडा धरायला बघत होती, रडवेली झाली होती, आणि सारखं विचारत होती, "बाय, माझा काय चुकला? द्या ना, मी घासतां. माझा काय चुकला?"